एमजीए १५०० : अँबॅसिडरचं डिझेल काढून जिप्सीचं इंजिन बसवावं का?

हरवळे, साखळी :

नमस्कार मंडळी. सगळी माहिती एकदमच देते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

माझ्याकडे १९५७ ची एमजीए १५०० ही विलायती स्पोर्ट्स गाडी आहे. लाल, उघडी, तारांच्या चाकांची. बार्देशातल्या एका खाणमालकाच्या घरातून घेतली. पोर्तुगीज राजवटीतच ती गोव्यात उतरली होती. स्टिअरिंग उजवीकडे. चासी नंबर एचडीनं सुरू होतो आणि आरसीशी जुळतो. गाडी समुद्रापासून लांब, घराच्या कोरड्या गॅरेजात असल्यामुळे पत्रा शाबूत आहे. गंज आहे तो सीटमागच्या बॅटऱ्यांच्या खाचांजवळ.

अडचण इंजिनाची. ऐंशीच्या दशकात सुटे भाग मिळेनात आणि पेट्रोल परवडेना, म्हणून त्या घरच्यांनी मूळ इंजिन उतरवून अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं डिझेल बसवलं. आरसीवर तशी नोंदही करून घेतली. गिअरबॉक्स एमजीचाच राहिला, चार गिअरचा. मूळ इंजिन कुठे गेलं ते घरात आता कोणालाच ठाऊक नाही.

डिझेल चालतं, थांबत नाही, हे त्याचं मोठेपण. पण फर्मागुढीच्या चढणीवर दुसऱ्या गिअरात घुरघुरत जावं लागतं आणि मागे ट्रकांची रांग लागते. आरसा इतका थरथरतो की मागची रांग नुसती ऐकू येते, दिसत नाही. पुढचं टोक जड वाटतं, वळणावर गाडी सरळ जायला बघते. आरपीएमचा काटा मेलेला, त्याची केबल डॅशबोर्डखाली लोंबते आहे.

इथल्या एका गॅरेजनं मारुतीच्या जिप्सी किंगचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून देतो म्हणून सांगितलंय. फायरवॉल थोडी आत ठोकावी लागेल, गिअरबॉक्सवरचा बोगदा कापून रुंद करावा लागेल आणि इंजिनाच्या माउंटिंगसाठी चासीवर नव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतील, असं ते म्हणतात. काम स्वच्छ करतात, मी बघितलंय. पण "कापावं लागेल" हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

मला ती प्रदर्शनात उभी करायची नाही. साखळीहून पणजीला, रविवारी म्हार्दोळला, पाऊस संपला की चोर्ला घाटात, अशी चालवायची आहे. कुठलं इंजिन घ्यावं, आणि हो म्हणण्याआधी काय काय तपासावं?


सासष्टीकर, मडगाव :

ताई, गाडी चालवायचीच असेल तर जिप्सी. मनापासून सांगतो.

जिप्सी किंगचं जी१३बीबी म्हणजे १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणारं), ताकद ८० बीएचपी. तुमचं डिझेल ३७ चं. मूळ एमजीए १५०० सुद्धा सुरुवातीला ६८ च्याच आसपास होती. वर जिप्सीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियमचा. डिझेलचं लोखंड उतरलं की तुमचं पुढचं टोक कसं हलकं होतं बघा. एमजीएचं एकूण वजनच ९०० किलोच्या आसपास, तिथे हा फरक हाताला लागतो.

दुसरं म्हणजे मारुतीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं. जिप्सीचं उभं बसतं, पुढून मागे. शिवाय तिची ट्रान्सफर केस, म्हणजे चारी चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. ती केस काढून टाकायची आणि प्रॉपेलर शाफ्ट थेट तुमच्या एमजीच्या डिफरन्शियलला न्यायचा. इतकी सोपी मांडणी दुसऱ्या कुठल्या इंजिनात मिळणार नाही.

माझ्या भावाच्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये ९४८ सीसीच्या जागी हेच इंजिन आहे. पावसातल्या सकाळीसुद्धा चावी फिरवली की सुरू. केपे, सांगे, नेत्रावळी, कुठेही नेतो. पार्ट मडगावात, फोंड्यात, म्हापशात, हवे तिथे मिळतात. जुनी गाडी बंद पडून सडते, त्यापेक्षा नव्या इंजिनावर धावलेली बरी. थोडा पत्रा कापला म्हणून तिचं रूप जात नाही.


बेळगावकर :

कॉन्टेसा क्लासिकचं इसुझू बघितलंत का? १८१७ सीसी, ८८ बीएचपी, पाच गिअर, मागची चाकं. कार्ब्युरेटरवर चालतं, कॉम्प्युटरची भानगड नाही. हिंदुस्थान मोटर्सनं हेच इंजिन पुढे अँबॅसिडरमध्येही दिलं, म्हणजे कंपनीनं स्वतःच ही अदलाबदल केली होती. आमच्याकडे उद्यमबागेत ह्या इंजिनांवर हात बसलेली माणसं अजून आहेत. उंची मात्र मोजून घ्या. कॉन्टेसाचं बॉनेट कुठे आणि एमजीएचं कुठे!


कुंडईकर, फोंडा :

ताई, काही कापायच्या आधी हे वाचा. लांब लिहितो आहे, कारण तुमची गाडी अजून कापलेली नाही आणि ती तशीच राहावी असं मला फार वाटतं.

तुमच्या बॉनेटखाली आज जे डिझेल आहे ते परकं नाही. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीएमसीचं, बी-सिरीज. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८९. एमजीए १५०० चं मूळ इंजिन ह्याच कुळातलं, अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोलही ह्याच कुळातलं, आणि त्याचंच डिझेल भावंड तुमच्याकडे आहे. एमजीसाठी त्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर लावले, कम्प्रेशन वाढवलं आणि ६८, पुढे ७२ बीएचपी काढले. आपल्याकडे उत्तरपाड्याला ते एका कार्ब्युरेटरवर, कमी कम्प्रेशनवर, टॅक्सीच्या कामासाठी बांधलं गेलं. ऐंशीच्या दशकातल्या त्या मिस्त्रीला एमजीचा गिअरबॉक्स जागेवर ठेवता आला तो ह्या नात्यामुळेच. त्या माणसाचे आपण आभार मानायला हवेत. त्या काळी मॅटाडोरचं किंवा पर्किन्सचं डिझेल घालण्यासाठी किती चांगल्या गाड्यांच्या चासी गॅसनं कापल्या गेल्या ते मी बघितलंय.

म्हणून माझं मत असं : अँबॅसिडरचं पेट्रोल बी-सिरीज आणा, ते एमजीच्या तऱ्हेनं बांधा आणि डिझेलच्या जागी बसवा. एक वेल्ड नको, एक कट नको.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि बोअरिंगचं काम केलं, बहुतेक खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या इंजिनांचं. बार्जीत इंजिन बदलायचं तर आधी बेड मोजतात, मग शाफ्टची रेषा धरतात, आणि कुठलं इंजिन हे बोलणं सगळ्यांत शेवटी येतं. गाड्यांच्या बाबतीत उलटं होतं. आधी बीएचपीचा आकडा ठरतो आणि मग गाडी त्या आकड्याला बसेल अशी कापली जाते.

परकं इंजिन घालणं वाईटच, असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्यांनी ते केलंय आणि सुंदर केलंय. एसी कंपनीच्या एस ह्या गाडीला ब्रिस्टलचं इंजिन असायचं. ब्रिस्टलनं ते बनवणं थांबवलं आणि १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीनं तिच्यात फोर्डचं व्ही-८ घातलं, तीच कोब्रा. पण सात लिटरचं मोठं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा चासी नव्यानं आखावी लागली. मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या त्या चार इंचांच्या केल्या, आडव्या पानांच्या स्प्रिंगा काढून कॉइल दिल्या. ताकद वाढवली की खालचं सगळं वाढवावं लागतं, हे त्यांनी पैसे घालून मान्य केलं.

फायरवॉल "थोडी आत ठोकू" म्हणतात ना, ते सनबीम टायगरमध्ये झालं होतं. १९६४ मध्ये रूट्स कंपनीनं छोट्या अल्पाइनमध्ये फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ बसवलं. जागा इतकी कमी की कारखान्यातच रंगाच्या अस्तरानंतर घणानं फायरवॉल चेपायचे, आणि मागचा एक स्पार्क प्लग काढायला गाडीच्या आतून भोक ठेवलं होतं, रबराच्या बुचाचं. नंतर रूट्स क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरला स्वतःच्या गाडीत फोर्डचं इंजिन नको होतं, पण त्यांचं व्ही-८ त्या जागेत मावेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला. १९६७ मध्ये टायगर बंद झाली. इंजिन किती सीसीचं ह्यापेक्षा त्याचा डिस्ट्रिब्युटर कुठे, संप (खालचं तेलाचं भांडं) कुठे खोल, एक्झॉस्ट कुठल्या अंगाला, ह्यावर सगळं अडतं ते असं.

एमजीनं स्वतः १९७३ मध्ये एमजीबी जीटीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ घातलं. मुळात ते अमेरिकेतल्या ब्यूकचं इंजिन. ते जमलं, कारण अॅल्युमिनियमचं असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन जुन्या लोखंडी चार सिलिंडरच्या जवळपास राहिलं. ह्या बाबतीत सासष्टीकरांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पुढचं वजन उतरणं ही जिप्सीच्या इंजिनाची खरी जमेची बाजू.

आता तुमच्या गाडीत जिप्सीचं बसवताना काय येईल ते सांगतो. बी-सिरीजमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला, म्हणून उजव्या स्टिअरिंगचा कॉलम मोकळा खाली उतरतो. दुसरं कुठलंही इंजिन आणलंत तर पहिली मोजपट्टी तिथे लावा. एमजीएत पेट्रोलचा पंप एसयूचा, हलक्या दाबाचा. एमपीएफआयला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो, म्हणजे नवा पंप, नव्या लाइनी, टाकीत परतीची वाट. एमजीएची वायरिंग मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला. कॉम्प्युटरवालं इंजिन त्यावर चालणार नाही. जिप्सीची स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. ती केस काढली की स्पीडोमीटरही मेला. शिवाय ती केस हाय रेंजमध्येसुद्धा वेग घटवते. ती गेली की सगळे गिअर लांब पडतात, आणि जिप्सीचा जोर वरच्या फेऱ्यांवर असतो. मूळ १५०० चा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, जिप्सीच्या तोडीचाच आहे, पण तो ३५०० फेऱ्यांवर मिळतो, जिप्सीचा ४५०० वर. फर्मागुढी चढताना हा फरक ८० बीएचपीच्या आकड्यापेक्षा जास्त कळेल. आणि तुमच्या १५०० ला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढचे डिस्क १९५९ च्या १६०० पासून आले.

ह्यातली एकेक गोष्ट सुटते. चांगला मिस्त्री सगळ्या सोडवेल. पण शेवटी हातात येईल ती गाडी परत मागे नेता येणार नाही.

इसुझू चांगलं इंजिन आहे, पण उंच. बेळगावकरांनी ते स्वतःच सांगितलंय.

ताई, मला एवढं कळवा. इंजिनाची माउंटिंग मूळ भोकांवर आहेत का? पुढच्या कॉइल स्प्रिंगा बदललेल्या दिसतात का? बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडली आहे? आणि लोंबणाऱ्या केबलचं टोक शाबूत आहे का?


हरवळे, साखळी :

कुंडईकर काका, देव बरें करूं. शनिवारी गाडी खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च हातात घेऊन सगळं बघितलं.

माउंटिंग मूळ भोकांवरच आहेत. चासीला कुठेही कट नाही, फक्त डाव्या बाजूला डिझेलच्या फिल्टरसाठी एक पट्टी स्क्रूनं बसवली आहे. पुढच्या स्प्रिंगा दोन्ही सारख्या, पण मागच्या मानानं गाडी पुढून उंच उभी राहते, आणि स्प्रिंगेची तार जाड वाटते. फोटो टाकते. आता एकच मोठी बारा व्होल्टची बॅटरी आहे, निगेटिव्ह बॉडीला, आणि डायनमोच्या जागी अल्टरनेटर. केबलचं टोक चौकोनी आहे, फिरवलं की मीटरचा काटा हलतो! इतकी वर्षं मेलेला समजत होते.

टाकीतून दोन नळ्या निघतात, त्यातली एक परतीची असावी. आणि काका, गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर चालत्या गाडीत टाकला की खरखरतो. तो खराब आहे का?

पैशांचंही बोलते. जिप्सीचा अंदाज मिळाला आहे, तो माझ्या आवाक्यात आहे. पेट्रोल बी-सिरीज नव्यानं बांधणं त्याहून महाग पडलं तरी चालेल, पण मला ते एकदा नीट समजून घ्यायचं आहे. कागदपत्रांचं काय? आरसीवर डिझेल लिहिलंय.


म्हापसेकर :

कागदांचं मी सांगतो, माझं काम तेच आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच आणखी ठासून सांगितलं. त्यामुळे जिप्सीचं इंजिन घालून ते आरसीवर चढवून घ्यायला गेलात तर अडणार. न चढवता चालवलीत तर इंजिन नंबर जुळत नाही म्हणून अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. लोक चालवतात, मला माहीत आहे. पण समोरच्या माणसाला लागलं आणि भरपाईची वेळ आली तर सगळं तुमच्या अंगावर येतं.

डिझेलकडून परत पेट्रोलकडे जाणं ह्या कायद्याच्या दिशेनंच आहे, कारण कंपनीनं गाडी १४८९ सीसी पेट्रोल म्हणूनच बनवली होती. तरी परवानगी आधी, काम नंतर. वाहतूक खात्यात लेखी अर्ज द्या, सोबत एमजीए १५०० चा मूळ तपशील दाखवणारी कंपनीची पुस्तिका जोडा. नव्या ब्लॉकची खरेदीची पावती आणि तो ज्या गाडीतून निघाला तिच्या आरसीची प्रत घ्या. भंगारातून बिनकागदाचा ब्लॉक उचलू नका. चोरीच्या गाडीचा निघाला तर गाडीसकट अडकाल.

जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५ हजार. चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं लागतं. पण ताई, त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुम्हाला पणजी आणि म्हार्दोळ करायचं असेल तर जुन्या नंबरावरच राहा आणि दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्या.


सासष्टीकर, मडगाव :

कागदांचा मुद्दा मानतो. हेराल्डच्या बाबतीत भावाला आजच सांगतो. पण कुंडईकर, लोखंडी बी-सिरीजच घालायचं तर एमजीबीचं १७९८ सीसी का नको? ९५ बीएचपी, तेच कूळ, आणि पाच मेन बेअरिंगचा क्रँक (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा). तीन बेअरिंगवाल्या जुन्या क्रँकवर इतका खर्च करायचा, हे मला अजून पटत नाही.


कुंडईकर, फोंडा :

सासष्टीकर, प्रश्न रास्त आहे. परदेशात एमजीएवाले १८०० घालतात आणि गाडी छान पळते. पण पाच बेअरिंगचा ब्लॉक १९६४ च्या शेवटी आला. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, विलायतेतून आणावा लागेल, आणि आरसीवर सीसी पुन्हा वेगळं पडेल. १४८९ चा ब्लॉक मात्र कुर्ल्यात, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात, बेळगाव-कोल्हापूरच्या जुन्या गॅरेजांत अजून सापडतो. स्ट्रोक दोघांचा एकच, ८९. तीन बेअरिंगचा क्रँक नीट ग्राइंड आणि बॅलन्स केला तर साठ-सत्तरच्या वेगानं चोर्ला घाटात फिरणाऱ्या बाईला तो जन्मभर पुरेल.

ताई, पहिला गिअर खराब नाही. त्या गिअरबॉक्सच्या पहिल्याला सिंक्रोच नाही, म्हणजे गिअरांचे वेग जुळवणारी सोयच नाही. गाडी पूर्ण थांबल्यावर टाका.

तुमची उत्तरं वाचून फार आनंद झाला. माउंटिंग मूळ भोकांवर आहेत म्हणजे नव्वद टक्के काम त्या मिस्त्रीनं तेव्हाच वाचवून ठेवलंय. निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर तसेच राहू द्या. पुढच्या स्प्रिंगा डिझेलच्या वजनासाठी जाड घातलेल्या असाव्यात. डिझेल उतरलं की मूळ मापाच्या मागवा, नाहीतर नाक वर करून फिरेल आणि वळणावर पुन्हा तेच होईल.

डिझेलचं फ्लायव्हील जड असतं, ते नव्या इंजिनाला लावू नका. मागची प्लेट आणि संप मात्र डिझेलवर कुठले आहेत ते नीट बघा. त्या मिस्त्रीनं एमजीचे मूळ वापरले असतील तर ते सोन्यासारखे जपून ठेवा.

ब्लॉक घ्यायला जाल तेव्हा एक मोजपट्टी, एक टॉर्च आणि रॉकेलची बाटली न्या. सिलिंडरच्या मध्ये आणि पाण्याच्या जॅकेटवर रॉकेल लावून पुसा आणि थोडा वेळ थांबा. चीर असेल तर ओली रेघ परत उमटते. जॅकेटवरची बाहेरची चीर टाके घालून बंद होते, बोअरमधली असेल तर ब्लॉक सोडून द्या. बोअर आधी किती ओव्हरसाइज झालाय ते मोजा. शेवटच्या मापावर असेल तर स्लीव्ह घालाव्या लागतील, तो खर्च भावात वजा करून मागा. तुमच्या आरपीएम मीटरची केबल कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरून फिरते. तिची सोय त्या ब्लॉकला आहे का हे तिथेच बघून घ्या. नसेल तर मीटर आतून इलेक्ट्रॉनिक करता येतो, बाहेरून तसाच दिसतो.

हेडला एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं, शिसं मऊ सीटची झीज रोखायचं, आणि देशात शिसं २००० साली बंद झालं. रबराच्या नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, आजच्या २० टक्के इथेनॉलमध्ये जुन्या फुगतात. टाकी उतरवून आतून धुवा, इतक्या वर्षांचं डिझेल तळाशी बसलेलं असणार. परतीची नळी बुजवून टाका. दोन एसयू, मॅनिफोल्ड आणि एमजीचा कॅमशाफ्ट विलायतेतून मागवावा लागेल. तोवर अँबॅसिडरच्या एका कार्ब्युरेटरवर गाडी सुरू करून बाकीचं तपासता येतं.

परवानगीचा अर्ज आधी द्या, म्हापसेकर सांगतात तसा. परवानगी येईपर्यंत ब्लॉक माझ्याकडे कुंडईला आणलात तर बोअर मी स्वतः मोजून देईन. क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवू. पाठवण्याआधी मेन बेअरिंगच्या टोप्यांवर पुढून मागे १, २, ३ असे नंबर पंच करा आणि दिशा दाखवणारी खूण करा. टोपी उलटी बसली तर लाइन बोअरिंगचा खर्च नव्यानं येईल.